वाळू मास्तरांकडे, मासे सिस्टरकडे

घर वेगळं करायचं ठरलं तेव्हा मास्तरांनी सोफा मागितला नाही, कपाट मागितलं नाही. त्यांनी फिश टँकमधली वाळू मागितली.

"सगळी ने," सिस्टर म्हणाली. "एक कण मागे ठेवू नकोस."

ती हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची मुख्य नर्स होती, आणि घरीदारी सगळे तिला सिस्टरच म्हणत. नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. शाळा सुटली तरी त्याचा तास सुटत नसे, म्हणून लग्नानंतर तिनेच त्याला मास्तर म्हणायला सुरुवात केली होती. आधी लाडाने, मग सवयीने, आणि अलीकडे अशा सुरात, की शेजारच्या खोलीतल्या माणसालाही कळावं.

टाकी खाऱ्या पाण्याची होती. हॉलच्या भिंतीला लागून, आत प्रवाळ आणि निवडक मासे. मास्तरांनी ती सुरू केली तेव्हा सिस्टर ड्यूटीवर होती. परत आली तर तळाशी पांढऱ्या वाळूची जाड गादी अंथरलेली. तिला नुसती काच हवी होती. काचेवर घाण पडली की दिसते, नळीने ओढून घेतली की विषय संपला. थिएटरमध्ये जे पुसता येत नाही ते आत येत नाही, हा तिचा साधा हिशेब.

"समुद्राला तळ असतो," मास्तर पाहुण्यांना सांगायचे, हातात पट्टी असल्यासारखी बोटं हलवत. "नुसत्या काचेवर प्रवाळ ठेवणं म्हणजे बाथरूममध्ये बाग लावणं. या वाळूत लाखो जीव राहतात. तेच सगळी घाण खातात."

"खातात, आणि मग जातात कुठे? तिथेच ना?" सिस्टर विचारायची. "वाळू कसली, झाकलेली मोरी आहे ती."

पाहुणे हसायचे, आणि मास्तर पाहुण्यांचं हसू ओसरेपर्यंत थांबून पुन्हा पहिल्यापासून समजावायचे. संसार काही वाळूवरून मोडला नाही. तो मोडला तेव्हा तर भांडणंही उरली नव्हती. भांडायला समोरच्याला थोडी तरी किंमत द्यावी लागते, आणि ती तिने कधीच काढून घेतली होती. मास्तर बोलायला लागले की ती त्यांच्या ओठांकडे बघत मनातल्या मनात दुसऱ्या दिवशीच्या ऑपरेशनची अवजारं लावायची.

वाळू न्यायला मास्तर रविवारी सकाळी आले. सध्या ते बहिणीकडे राहत होते, तिथे त्यांनी छोटी टाकी मांडली होती. निम्मे प्रवाळ आणि वाळू त्यांची; मोठी टाकी आणि मासे सिस्टरचे. बादल्या धरायला नणंदही आली होती.

"वहिनी, मी मध्ये पडायला आले नाहीये हं," ती दारातच म्हणाली.

"पडा की वन्सं. बादलीत पडू नका म्हणजे झालं."

सिस्टरने मासे आणि प्रवाळ आधीच टबात काढून ठेवले होते. मास्तर मगाने वाळू उपसू लागले. वरचा थर पांढराशुभ्र निघाला. मग खालून काळा चिखल वर आला आणि हॉलभर नासक्या अंड्याचा वास सुटला. नणंदेने पदर नाकाला लावला. सिस्टरने खिडकी उघडली, पर्समधला मास्क काढून शांतपणे तोंडावर चढवला.

"हा तुझा निसर्ग," ती म्हणाली.

"काळा थर असायचाच. त्याचंही काम असतं."

"तुझंही असतं म्हणतात शाळेत."

मास्तरांनी उपसा चालूच ठेवला. बादल्या भरून, काळं-पांढरं सगळं एकत्र करून, आपले प्रवाळ उचलून ते निघून गेले. जाताना त्यांनी टबातल्या माशांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, पण सिस्टरला तेव्हा तेही नाटकच वाटलं.

तिने काच घासून घासून लख्ख केली, नवं खारं पाणी भरलं, पंप लावला, उरलेले प्रवाळ आणि मासे सोडले. दुपारभर ती खुर्ची ओढून समोर बसली. तळातून पलीकडचा प्रकाश दिसत होता. इतक्या वर्षांनी घरात कोणीतरी फडका मारल्यासारखं तिला वाटलं.

संध्याकाळी पिवळीने पहिल्यांदा टाळकं आपटलं.

पिवळी म्हणजे बोटाएवढा, लांबट, लिंबाच्या रंगाचा मासा. उजेड कमी झाला की ती वाळूत सूर मारायची आणि सकाळपर्यंत तिथेच स्वतःला पुरून घेऊन झोपायची. आज तिने तसाच सूर मारला. टक्. वर गेली, जागा बदलली, पुन्हा टक्. सिस्टर उभी राहिली. पिवळी थकून पंपामागे पडून राहिली तेव्हा तिच्या तोंडाची कातडी सोलून पांढरी पडली होती.

हे सिस्टरला माहीत नव्हतं असं नाही. रोज संध्याकाळी ती हे बघायची. पण पिवळीची झोप हा मास्तरांच्या व्याख्यानातला मुद्दा होता, आणि मास्तरांचा मुद्दा ऐकायचाच नाही, ही तिची शिस्त. त्या शिस्तीत मासाही नजरेआड गेला.

तेवढ्यात नणंदेचा फोन आला. "वहिनी, दादा विचारतोय, पिवळी कशी आहे?"

"त्याला माहीत होतं?"

नणंदेने आवाज खाली आणला. "मी म्हटलं होतं त्याला, सांगून ये म्हणून. तो म्हणाला, कळेल तिला."

सिस्टरने फोन ठेवला. मास्तर आपल्या नजरेतून आणखी खाली उतरतील अशी पायरीच उरली नाही असं ती समजत होती; पण अजून एक निघाली. एका मुक्या जिवाला त्याने परीक्षेतला प्रश्न केलं होतं, आणि आता निकालाची वाट बघत बसला होता.

ती तशीच चपला घालून माशांच्या दुकानात गेली आणि बारीक वाळूची लहान पिशवी मागितली.

"टाकीला पुरणार नाही एवढी," दुकानदार म्हणाला.

"टाकीला नकोय. एका माशाला हवीय."

घरी येऊन तिने वाळू पाणी नितळ होईस्तोवर धुतली, ओव्हनच्या काचेच्या भांड्यात भरली आणि भांडं टाकीच्या कोपऱ्यात ठेवलं. पिवळी ढुंकून बघेना. दुसऱ्या संध्याकाळी मात्र ती भांड्यावर घिरट्या घालू लागली, आणि एकदम दिसेनाशी झाली. सिस्टर बराच वेळ त्या भांड्याकडे बघत बसली. आनंद झाला होता, पण त्यात स्वतःचाच इतका राग मिसळला होता की नीट घेता येईना.

पुढच्या आठवड्यात मास्तर पुस्तकं न्यायला आले. भांडं पाहून त्यांच्या चेहऱ्यावर तास सुरू होतानाचं हसू आलं. "म्हणजे शेवटी वाळू आलीच."

"माशासाठी आली. तू फोन करायला हवा होतास."

"तू ऐकलं असतंस?"

कित्येक वर्षांत मास्तरांनी उत्तर माहीत नसलेला प्रश्न पहिल्यांदा विचारला होता. सिस्टरने खरं काय ते सांगितलं.

"नसतं ऐकलं. तरी करायचा."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. मग खोक्यात पुस्तकं भरली आणि एकही वाक्य न समजावता गेले.

महिन्याभराने नणंदेचा फोन आला. वाळू तशीच न धुता ओतल्यामुळे मास्तरांच्या टाकीतलं पाणी गढूळ झालं, प्रवाळ मेले, आणि घरभर असा वास सुटला की शेवटी तिनेच ती वाळू बाहेर फेकून दिली. आता टाकी नुसत्या काचेवर आहे.

"मग मास्तर काय म्हणतायत?" सिस्टरने विचारलं.

"काय म्हणणार? आल्यागेल्याला समजावतोय, काचेचा तळच कसा शास्त्रीय म्हणून."

"ऐकतात लोक?"

"मला ऐकावं लागतं, वहिनी. घर माझं आहे ना."

"कापूस ठेवा कानात," सिस्टर म्हणाली. "आमच्याकडे चांगला मिळतो, पाठवून देते."