डाव्या पारड्याची खोट

मित्रांनो, मी एक जुना पितळी तराजू आहे. दिसायला देखणा, दांडी सरळ, पण माझ्यात एक खोट आहे. ती लपवून मोठेपणा मिरवावा, असे मला वाटत नाही.

एका कारागिराने कानस मारून मारून माझी दोन्ही पारडी जुळवली आणि अप्पांनी मला त्यांच्या सुगंधशाळेत आणले. खोली एकच. भिंतीभर इवल्या बाटल्या आणि खिडकीशी टेबल. अप्पा अत्तरे करत, पण गुलाब-मोगरा त्यांना वर्ज्य. फुलांचे काम फुले करतातच की, असे ते म्हणत. त्यांना नुकत्याच इस्त्री केलेल्या सदऱ्याचा वास हवा असे, कोऱ्या वहीचा, सुताराच्या रंध्याखालच्या भुशाचा. एकेका वासापायी ते वर्षभर डोके खपवत. त्यांची ‘ओली पाटी’ हुंगून तर भलीभली माणसे खुळ्यासारखी हसत सुटत. कौतुक अप्पांचे होई, पण तोललेले मी असे, म्हणून मीही फुशारत असे.

पुढे एका आजारपणात अप्पांना वास येईनासा झाला. त्यांनी कृतींची वही लेकीच्या हाती दिली. तिने आकडे दाखवणारा नवा वजनकाटा आणला आणि माझी रवानगी कपाटावर झाली. खोटे कशाला बोलू, मला फार वाईट वाटले.

लेकीला पहिलेच मोठे काम आले ते एका निवृत्त शिक्षिकेचे. बाईंचे जुने विद्यार्थी, आता स्वतःच आजी-आजोबा झालेले, त्यांना भेटायला जमणार होते. प्रत्येकाला ‘ओली पाटी’ द्यायची, असे बाईंनी ठरवले होते. लेकीने वहीबरहुकूम अत्तर केले. वास आला तो शेवाळलेल्या हौदाचा. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा तेच. तिने वही मिटली आणि अप्पांना सांगून टाकले की तिच्यात ही कला नाही, ती आता साबणाच्या कारखान्यात नोकरी धरणार. म्हणजे सुगंधशाळेला कुलूपच.

अप्पांनी विचारले, “कशावर तोललंस?”

तिने नव्या काट्याकडे बोट दाखवले. अप्पांचे कान लाल झाले.

“वहीतली वजनं खरी नाहीत. म्हणजे, त्या जुन्या तराजूवरच ती खरी आहेत.”

मग सगळे बाहेर पडले. अगदी सुरुवातीला अप्पांच्या हातून राळ सांडली आणि तिचा एक थेंब माझ्या डाव्या पारड्याच्या बुडाशी वाळून बसला. अप्पा जिन्नस नेहमी त्याच पारड्यात घेत, त्यामुळे प्रत्येक जिन्नस लिहिल्यापेक्षा थेंबभर कमी पडे. मोठ्या मापांना ते जाणवत नसे, पण चिमूटभर घ्यायच्या जहाल जिन्नसांचा जोर निम्म्यावर येई. हे ध्यानात येईपर्यंत वही भरत आली होती आणि लोक वाहवा करत होते. राळ खरवडली तर सगळीच अत्तरे बदलणार. अप्पांनी तोंड मिटून घेतले.

“मला तरी सांगायचं होतं,” लेक म्हणाली.

“तुझ्याच पुढे बिनचूक दिसायचं होतं गं. कोणत्या बापाला आपला गाढवपणा सांगवतो?”

लेक हसायला लागली आणि हसता हसताच रडली. मग स्टुलावर चढून तिने मला खाली घेतले. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

बाई आल्या तेव्हा तिने माझ्यावर तोलून नव्याने केलेल्या अत्तरात बुडवलेली कागदाची पट्टी पुढे केली. बाईंनी वास घेतला. त्यांची पाठ ताठ झाली आणि समोरच्या भिंतीकडे बघत त्या करड्या आवाजात म्हणाल्या, “थुंकीनं पाटी पुसायची नाही. कितीदा सांगायचं?”

अप्पांना वास येत नव्हता, पण ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. बाईही लाजून हसल्या. साबणाचा कारखाना कुणाला आठवलासुद्धा नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, हे सांगणारे तुमच्या घरात पुष्कळ असतील. माझे मागणे वेगळे आहे. मोठ्या माणसांनी काय मिळवले, ते ती आपणहून सांगतात. कधीतरी जवळ बसून त्यांचे काय चुकले, तेही विचारा. हसा खुशाल, फक्त त्यांचे सांगून होऊ द्या.