माग थांबले की निघायचं

मी झोपलो होतो, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर आमच्या वस्तीतलं कुणीतरी मध्येच तोंड घालून ते सांगणारच.

शहाण्णव सालचा जुलै. सकाळचे अकरा. सुरत महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसनं पांडेसऱ्यातल्या आमच्या खाडीकाठच्या वस्तीत, खांबावर नवाकोरा भोंगा बसवला होता आणि आठ दिवस आधीपासून सगळ्यांना बजावलं होतं : भोंगा वाजला की पूर आला असं समजायचं, आहे तसं उठायचं आणि अर्ध्या तासात वरच्या अंगाच्या मराठी शाळेत पोचायचं. तालीम होती, खरा पूर नव्हता. भोंगा वाजला. वॉर्ड ऑफिसर मगनभाई घड्याळ बघत शाळेच्या दारात उभे राहिले. तीनशे घरांतून अर्ध्या तासात आली एकसष्ट माणसं, आणि त्यातली निम्मी तशीही शाळेतून पोरं आणायला निघालेली.

तेव्हा मगनभाई तणतणत स्वतःच वस्तीत शिरले. पहिलं घर आमचं. खाटेवर मी पालथा पडून घोरत होतो. त्यांनी दंडाला धरून हलवलं तेव्हा मी डोळे उघडले आणि विचारलं, "पाळी बदलली का?"

"रामदासभाई," ते म्हणाले, "तुम डूब गये."

लोक हसले. मला राग आला, पण रागावणार कुणावर? मी पॉवरलूमचा कारागीर. रात्रभर माग चालवून सकाळी घरी येऊन पडलेलो. आमच्या वस्तीला लागूनच लूमची चौदा खाती, म्हणजे पत्र्याच्या शेडा. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या, माग रात्रंदिवस चालू. त्या खडखडाटात आम्ही जेवतो, झोपतो आणि भांडतोही. त्यात एक भोंगा आणखी वाजला तर तो कुणाला कळणार? सरकारी माणसानं भोंगा बसवताना एकदा तरी आमच्या खाटेवर पाठ टेकून बघायला हवी होती.

पण मगनभाई वाईट माणूस नव्हता, हेही सांगायला हवं. चौऱ्याण्णवला सुरतेत प्लेग आला तेव्हा आम्ही सगळे रातोरात खानदेशात पळालो. स्टेशनावर खिडकीतून पोरं आत फेकली. गावी पोचलो तर गावानं आम्हाला वेशीबाहेरच्या मळ्यात आठ दिवस बसवून ठेवलं. माझ्या सख्ख्या भावानं भाकरी दुरून ठेवली आणि मागे सरकला. प्रमिला, म्हणजे माझी बायको, त्या दिवसापासून भावाचं नाव काढलं की उठून आत जाते.

परत आलो तेव्हा सुरत बदलायला लागली होती. कचरा रोज उचलला जाऊ लागला, साहेब लोक बूट चिखलात घालून गल्ल्यांमधून फिरू लागले. मगनभाई तर म्हणायचे, "पुढचं संकट कुठलं येणार ते मला कुणी सांगत नाही. ताप येईल, पाणी येईल, आग लागेल. मला एवढंच बघायचंय की काहीही आलं तरी माणसं उभी राहतात का." हे बोलणं मला पटलं होतं. पुढचं पटलं नाही. एकसष्ट माणसांचा आकडा घेऊन ते म्हणाले, "जी वस्ती वेळेत बाहेर पडू शकत नाही, ती खाडीकाठी ठेवता येणार नाही. महिन्यानं पुन्हा तालीम घेतो. तेव्हाही असंच झालं, तर तुमचं नाव कडोदऱ्याच्या यादीत."

कडोदरा म्हणजे शहराबाहेर, हमरस्त्यावर. तिथे पालिकेनं जागा पाहून ठेवली होती. आमचे माग इथे. बायका खात्यांमध्ये बॉबिनवर धागा भरतात, दुपारी घरी येऊन पोरांना वाढतात आणि परत जातात. कडोदऱ्याहून ते कुणाच्यानं जमणार? शिवाय मराठी शाळा सुटणार. आमची सोनाली तिसरीत होती.

त्या दिवशी प्रमिला माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलली नाही. मग ताट समोर आपटून म्हणाली, "तुमनामुये गावभर नाक कापाई गयं."

"मी काय करू? कान बहिरा व्हई ग्यात," मी म्हणालो.

ती काही बोलणार एवढ्यात लाइट गेली. चौदा खाती एकदम थांबली. शेजारचं तान्हं रडत उठलं, पलीकडे उखाआबा खोकत बाहेर आले, समोरच्या घरातला दिवसभर झोपलेला सोबती डोळे चोळत दारात उभा राहिला. अख्खी गल्ली जागी. प्रमिला ताटापाशी तशीच उभी राहून बघत होती. मग मला म्हणाली, "लाइट गयी का तुम्ही सर्वा कसा जागा व्हतस?"

खरंच होतं ते. गावाकडे आवाज झाला की माणूस उठतो. आम्ही आवाज थांबला की उठतो. पाठीखालची खाट थरथरायची थांबली की डोळे आपोआप उघडतात. बारा वर्षं सुरतेत काढली, रोज हेच होत आलं, आणि माझ्या डोक्यात कधी आलं नाही. तिच्या आलं.

दुसऱ्या दिवशी ती वॉर्ड ऑफिसात गेली. मी सोबत होतो, पण बोलली तीच. "साहेब, भोंगा काढून टाका. पाणी आलं की माग बंद करा."

मगनभाई चक्रावले. मग म्हणाले, "आणि नुसती लाइट गेली तर? ती तर दिवसाआड जाते. दरवेळी तीनशे घरं शाळेत पळणार?"

यावर तिच्याकडे उत्तर तयार होतं. खात्यात कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही, म्हणून आम्ही सगळे हातांनी बोलतो. धागा तुटला, चहा आला, शेठ आला, सगळ्याच्या खुणा ठरलेल्या. ती म्हणाली, "माग थांबले की सगळे दारात येतातच. दारातून शौचालयाचं धाबं दिसतं. त्यावर एक बाई उभी राहील. दोन्ही तळवे खालून वर नेले, म्हणजे पाणी, निघा. हात कानाला लावला, म्हणजे नुसती लाइट गेली, झोपा."

मगनभाईंनी तिला तीन वेळा ती खूण करायला लावली. मग त्यांनी एका कागदावर सगळं लिहिलं. पहिलंच कलम : वॉर्ड ऑफिसचा हुकूम आल्याशिवाय माग बंद करायचे नाहीत. "ते नसेल तर शेठ लोक मला जगू देणार नाहीत," ते म्हणाले. नवी तालीम ठरली ऑगस्टातल्या एका गुरुवारी.

राहिले शेठ. त्यांच्यात शब्द चालायचा कुंदनशेठचा, कारण पाच खाती त्याचीच. तो म्हणाला, "माग मध्येच थांबवला की कापडावर पट्टा उमटतो. तो माल कोण घेणार?"

प्रमिला म्हणाली, "शेठ, प्लेगच्या साली आम्ही पळालो, तेव्हा माग किती दिवस बंद होते?"

 सगळ्या गल्लीला माहीत होतं, महिनाभर त्याच्या खात्यात उंदीर सोडून कुणी नव्हतं. "आम्हाला कडोदऱ्याला पाठवलं तर परत तेच होईल," ती म्हणाली. "त्यापेक्षा पंधरा मिनिटं बंद करा." शेठनं मान डोलावली, पण बजावलं, "हुकूम दाखवायचा. आणि एकदा जरी उगाच बंद केलं, तर पुन्हा माझ्याकडे यायचं नाही."

गुरुवारची तालीम झालीच नाही, कारण त्याच आठवड्यात मंगळवारी दुपारी पाणी आलं.

पांडेसऱ्यात त्या दिवशी ऊन पडलं होतं. मी नेहमीप्रमाणे झोपलो होतो. यापुढचं मला सरलाबाईनं सांगितलं, ती कुंदनशेठच्या शेजारच्या खात्यात बॉबिन भरते. प्रमिला दुपारी घरी वाढून परत निघाली आणि खाडीच्या पुलावर थांबली. आमच्या खाडीला रोजचा रंग असतो. डाइंगवाल्यांनी लाल काढला तर लाल, निळा काढला तर निळा. त्या दिवशी रंग नव्हताच, नुसता गढूळ लोंढा, आणि त्यावर उसाचं पाचट वाहत होतं. ऊस आमच्याकडे कुठला? तो बारडोलीकडचा. म्हणजे तिकडे बदाबदा कोसळला होता, आणि ते सगळं आमच्याकडे यायला निघालं होतं.

तिनं कोपऱ्यावरच्या पीसीओतून वॉर्ड ऑफिसला फोन लावला. साहेब बाहेर गेलेत, आले की सांगतो, असं उत्तर मिळालं. ती पुन्हा पुलावर गेली. काठाची आणखी एक पायरी पाण्याखाली गेली होती. सरलाबाई तिच्या मागोमाग आली होती. ती म्हणाली, "हुकूम येऊ दे ना बाई."

"पानी ऊनं तर साहेबनी वाट दखत बसू का?"

"आनि खोटं निंघनं तर?"

खोटं निघालं असतं तर शेठनं पुन्हा दार उघडलं नसतं, गुरुवारची तालीम गेली असती, आणि कडोदऱ्याचा रस्ता आमच्याच बाईनं मोकळा करून दिला, असं अख्ख्या वस्तीनं जन्मभर म्हटलं असतं. प्रमिलाला हे कळत होतं.  "तर मी शिव्या खासू," प्रमिला म्हणाली, आणि पळत कुंदनशेठच्या खात्यात शिरली. शेठ बाजारात गेला होता. कारागीर हातवारे करत आडवे आले. तिनं कुणाकडे बघितलं नाही. कोपऱ्यात गेली, मेन स्विचचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि खाली ओढला.

ते खातं थांबल्यावर सरलाबाईनं आपलं थांबवलं. मग तिसरं, मग चौथं. प्रत्येक खात्यातल्या बॉबिनवाल्या बायकांनी आपापसात ठरवून ठेवलं होतं, आम्हा पुरुषांना पत्ताही नव्हता.

मी डोळे उघडले तेव्हा कानात नुसती शांतता होती. दारात आलो. गल्लीतल्या प्रत्येक दारात कुणी ना कुणी उभं होतं, आणि सगळे वर बघत होते. शौचालयाच्या धाब्यावर माझी बायको उभी होती. पदर खोचलेला, दोन्ही तळवे खालून वर, खालून वर. कुणी ओरडलं नाही, कुणी कुणाला विचारलं नाही. मी उखाआबांना पाठुंगळी घेतलं. शेजारणीनं तान्हं उचललं. चौऱ्याण्णवला आम्ही एकमेकांना तुडवत पळालो होतो. त्या दुपारी आम्ही रांगेनं चालत गेलो.

आम्ही शाळेच्या पायऱ्या चढलो आणि मागे खाडी फुटली. घरांमध्ये छातीएवढं पाणी चढलं. माझी खाट गेली, डबे गेले, कोंबड्या गेल्या. माणूस एकही गेला नाही. बायकांनी गल्लीवार मोजलं, दोनदा मोजलं, सगळे होते.

मगनभाई दीड तासानं आले, कमरेपर्यंत भिजलेले. बिचारे दुसऱ्या एका वस्तीत अडकले होते. वाटेत त्यांनी आमच्या रिकाम्या घरांमध्ये हाका मारल्या होत्या, आणि कुणी ओ दिली नाही म्हणून ते रडवेले झाले होते. शाळेत शिरले आणि दारातच थांबले. पोरं पाढे म्हणत होती, बायका कुणाच्या तरी स्टोव्हवर चहा टाकत होत्या. 

मग त्यांनी विचारलं, "हुकूम कुणी दिला?"

कुंदनशेठ माझ्या शेजारीच उभा होता, तोही बाजारातून धावत आला होता. मला वाटलं, आता हा तोंड उघडणार. त्यानं प्रमिलाकडे बघितलं आणि स्वतःच्या पायांकडे बघू लागला.

"मी माग बंद केले," प्रमिला म्हणाली. "हुकूम नव्हता."

मगनभाईंनी खिशातून तो कागद काढला. भिजला होता. बाकावर पसरला, पेन काढलं आणि पहिल्या कलमावर आडवी रेघ मारली. "हा कागद उद्या वर पाठवतो," ते म्हणाले, "आणि कडोदऱ्याच्या यादीत ही वस्ती नाही, हेही मीच लिहून देतो." रेघेच्या खाली त्यांनी नवं लिहायला घेतलं : माग बंद करण्याचा अधिकार, श्रीमती प्रमिलाबाई...

माझी छाती अशी भरून आली की काय सांगू. वेशीबाहेरच्या मळ्यात आठ दिवस गुरासारखी बसवलेली ही बाई, हिचं नाव सरकारी कागदावर चढत होतं, आणि तेही साहेबाच्या हातानं. मी सोनालीला पुढे ढकललं, म्हटलं बघ, नीट बघून ठेव.

तेवढ्यात प्रमिलानं मगनभाईंच्या पेनावर हात ठेवला.

"साहेब, माझ्या एकटीवर ठेवू नका. मी गावी गेले तर? आजारी पडले तर?" आणि तिनं सांगायला सुरुवात केली. सरलाबाई, शोभा, शांताबाई, रुपाली. प्रत्येक गल्लीतली एक. मगनभाई लिहीत गेले. मी मध्येच म्हणालो, "अगं, तुझं?"

"लिहा शेवटी," ती म्हणाली आणि चहाकडे निघून गेली.