तेलाचा गुण

मावशीच्या पलंगाशेजारच्या स्टुलावर सात वस्तू होत्या. गोळ्यांच्या दोन पट्ट्या, पाण्याचं भांडं, चष्मा, हातघड्याळ, मऊ सुती रुमाल आणि एक तपकिरी बाटली. पहिल्या सहा माझ्या ओळखीच्या होत्या. सातवीवर लेबल नव्हतं.

मी खाद्यतेलाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत काम करते. आमच्याकडे लेबल नसलेली बाटली थेट मोरीत रिकामी होते. ही मात्र मावशीच्या उशाशी होती, निम्मी संपलेली होती, आणि नुकतीच कामावरून आलेली मावशी चक्क गुणगुणत केस विंचरत होती.

तिला नागीण झाली होती. डाव्या बरगडीखालून पाठीपर्यंत फोडांचा पट्टा उठला होता. फोड वाळले, खपल्या पडल्या, पण दुखणं गेलं नाही. मावशीचे यजमान, आमचे काका, म्हणायचे, नागीण गेली, फूत्कार मागे ठेवून गेली. पदराचा वारा लागला तरी मावशी कळवळायची. डॉक्टरांनी मला नीट समजावलं होतं: कातडी बरी झाली आहे, आतली नस अजून चिडलेली आहे, वेळ लागेल. त्यांनी दिलेल्या गोळ्यांनी दुखणं कमी व्हायचं, पण मावशीला दिवसभर झापड यायची.

आणि झापड तिला परवडणारी नव्हती. मावशी गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटर आहे. कापडाचे साठ-साठ थर एकावर एक अंथरायचे आणि उभ्या पात्याच्या मशीनने एका दमात कापायचे, हे तिचं काम. तिथे डुलकी लागली तर कापडाआधी बोट जातं. तिने गोळ्या आपल्या मनाने बंद केल्या. कटिंग मास्तरांनी महिनाअखेरपर्यंत तिचं टेबल राखून ठेवलं होतं. तोवर रोज थोडा वेळ येऊन हात चालवायचा आणि शेवटी एक गठ्ठा कापून दाखवायचा. जमलं तर टेबल तिचं, नाही तर दुसरी बाई तयार होती.

अशा वेळी ही बाटली आली आणि मावशीला एकदम आराम पडला. मला तो आराम पटेना.

काकांना विचारलं तर म्हणाले, तेल आहे. कशाचं? औषधी. कोणी दिलं? तज्ज्ञाने. हा तज्ज्ञ म्हणजे काका लिफ्ट दुरुस्त करायचे तेव्हाचा त्यांचा जोडीदार. लिफ्टपासून लग्नापर्यंत सगळ्यावर त्याच्याकडे तोडगा असतो, म्हणून हे नाव. तेलात काय आहे ते सांगायचं नाही, सांगितलं की गुण जातो, असं त्याने काकांना बजावलं होतं. मी जास्त खोदलं तेव्हा काका बाटली उचलून आपल्या हत्यारांच्या पेटीत ठेवून आले. त्यामुळे माझा संशय आणखी बळावला.

असल्या तेलात काय मिसळतात ते मला वाचून माहीत होतं. बधिर करणारं काहीतरी, नाहीतर स्टेरॉइड. मावशीचं डॉक्टरांकडे जाणं बंद झालं होतं, आणि नुसती बधिर झालेली बाई पात्यासमोर उभी राहणार होती. काका भाजी आणायला गेले तेव्हा मी पेटी उघडून ड्रॉपरने थोडं तेल काढून घेतलं. माझी एक मैत्रीण औषधं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आहे. तिने साहेबांची परवानगी घेऊन तपासून दिलं.

साधं खनिज तेल आणि नावाला कापूर. बाकी काही नाही. हेच तेल शिलाई मशीनला घातलं असतं तर मशीनला बरं वाटलं असतं, असं मैत्रीण म्हणाली.

आता संशयाला जागा उरायला नको होती, पण तो काकांवरून उठून मावशीवर जाऊन बसला. तेलात काही नाही, तर आराम कसला? टेबल जाऊ नये म्हणून ती नाटक करत असेल का? मी लक्ष ठेवायला लागले. कामावरून यायची तेव्हा तिचा चेहरा मोकळा असायचा. सुट्टीच्या दिवशी मात्र सैल गाऊन घालून बसली की हात नकळत अंगापासून लांब धरायची, पंखा बंद करायला लावायची. तेल दोन्ही दिवशी तेच आणि तितकंच. तिला विचारलं तर म्हणाली, रिकामं बसलं की दुखणं आठवतं. मला वाटलं, कारखान्यात ही गुपचूप काहीतरी घेते.

म्हणून एक दिवस अर्धी रजा टाकून मी तिच्या मागोमाग कारखान्यात गेले. चष्मा विसरलीस, हे निमित्त. दाराशी बसलेल्या बाईने मला कपडे बदलायच्या खोलीकडे पाठवलं. मावशी पाठमोरी होती. तिच्या अंगात अस्तराच्या गुळगुळीत कापडाची बंडी होती, बरगड्यांवर इतकी घट्ट की हुक लावताना तिने श्वास रोखून धरला होता.

मी दारातच विचारलं, "हे काय?"

ती दचकली. मग माझ्या हातातला चष्मा बघून म्हणाली, "चष्मा द्यायला आलीस की झडती घ्यायला?"

"दोन्ही. हे कशाला घालतेस?"

"तेलासाठी. अंगाला तेल चोपडून पांढऱ्या कापडावर वाकायचं, आणि एक डाग पडला तर मास्तर मलाच अस्तर लावून शिवतील. इथल्याच कतरणीतून शिवली. आत तेल, बाहेर कापड, मध्ये ही."

"घरी घालत नाहीस?"

"घरी कशाला? घरच्या चादरीला मास्तर आहेत का?"

मी तिथल्या बाकावर बसले. डॉक्टरांचं बोलणं आठवलं: चिडलेल्या नसेला हलका स्पर्श सोसत नाही. सैल कापड दर हालचालीला अंगावर घासतं, घट्ट बसलेलं कापड घासतच नाही. इतके दिवस मी आराम बाटलीत शोधत होते, कारण मला बाटल्याच तपासता येतात. पण हा अजून अंदाज होता. मी मावशीला म्हटलं, येत्या सुट्टीला सकाळी तेल लावून गाऊन घाल, दुपारी तेल पुसून बंडी घाल.

"मी काय तुझा उंदीर आहे का गं?"

"उंदीर इतकं बोलत नाहीत."

ती हसली, पण तयार होईना. तेल सोडायची तिला भीती वाटत होती. गठ्ठा कापायचा दिवस तोंडावर आला होता, आणि जे चाललंय त्याला हात लावू नये असं तिचं म्हणणं होतं. शेवटी मी तिला तेलाचा निकाल सांगितला. पेटी उघडल्याचंही सांगितलं. तिने बंडीचं शेवटचं हुक लावलं. मग म्हणाली, "म्हणजे तुला वाटलं मी खोटं बोलते."

"हो."

"बरं झालं कबूल केलंस. आता करू तुझा प्रयोग."

सुट्टीच्या सकाळी, तेल आणि गाऊन. तिला नीट टेकून बसवेना. दुपारी, बंडी आणि तेल नाही. हुक लावताना डोळ्यांत पाणी आलं, मग हळूहळू कपाळावरच्या आठ्या गेल्या आणि तिने स्वतः उठून पंखा लावला. मी हे डॉक्टरांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, जमतं तर घालू द्या, फक्त कातडीवर वळ उठू देऊ नका. गोळी अगदी कमी करून फक्त झोपताना घ्यायला सांगितली, आणि सकाळी झापड वाटली तर मशीनला हात लावायचा नाही, असंही सांगितलं.

तेलाचा निकाल कळल्यावर काका दिवसभर रुसले होते. संध्याकाळी बाटली परत स्टुलावर आणून ठेवत म्हणाले, "तेल नसतं तर बंडी कोणी शिवली असती?"

महिनाअखेरीला मावशीने गठ्ठा कापला. सकाळी झापड नव्हती. अंगाला तेल नव्हतं, आत बंडी होती. साठ थर होते. बाहीच्या गोलाईवर मास्तर तिच्या खांद्यामागे येऊन उभे राहिले, आणि दुसरी बाई टेबलाच्या टोकाशी हाताची घडी घालून बघत होती. मशीन थांबलं. मास्तरांनी सगळ्यात वरची बाही आणि सगळ्यात खालची बाही काढली, एकीवर एक ठेवली, कडा जुळवल्या आणि स्टीलची पट्टी लावली. त्यांच्याकडे तीन मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो.

फरक दीड मिलिमीटर होता.