कुलपाशी गप्पा

दोन महिने झाले, त्या पत्राला उत्तर गेलं नाही, हे सकाळी पुन्हा आठवलं तसं सटवाजींनी पोस्टकार्ड खिशात घातलं आणि पायांत चपला सरकवल्या.

पत्र हैदराबादच्या डॉक्टरांचं होतं. सटवाजी अनोळखी नंबरचा फोन उचलत नाहीत, हे त्यांना एव्हाना कळून चुकलं होतं. बायकोच्या, द्वारकाबाईंच्या, फुप्फुसांतल्या धमन्या रक्ताच्या जुन्या गुठळ्यांनी अरुंद झाल्या होत्या. मांडीच्या शिरेतून बारीक फुगा आत नेऊन त्या रुंद करायच्या. चार-पाच खेपा लागतील, थोडा धोका आहे, तयारी असल्यास कळवावं. कुरुंद्याच्या वाचनालयात जन्म घालवलेल्या सटवाजींनी त्या थोड्या धोक्याबद्दल मिळेल ते वाचलं आणि अकरा उत्तरं लिहून फाडली. बारावं खिशात होतं: तब्येत बरी आहे, पुढे पाहू.

बरी होतीच. आताशा द्वारकाबाई गावभर बोलत असत. आजही टपालपेटीपर्यंत सोबत निघाल्या. पहिल्याच घरापुढे थांबून हळद किती शिजली ते विचारलं. चार घरं पुढे मीनाला विचारलं, सासू अजून भांडते का. सासू ओट्यावरच होती. म्हणाली, हिला भांडायला सवड कुठाय. सगळ्या हसल्या. सटवाजी विजेच्या खांबाकडे बघत उभे.

पुढे नरसिंगचं घर. द्वारकाबाईंनी दारापाशी थांबून हाक दिली.

"काय गं सूनबाई, म्हस किती दूध देऊन राहिली?"

दाराला कुलूप होतं.

"मंडळी परवाच वाशीमला गेली. काहून बोलून राहिलीस?" सटवाजींनी विचारलं.

"ठाव हाय मला." द्वारकाबाई चौकट धरून हसल्या. "नुसतं उभं राहिलं की... लोक इचारतात, काय झालं. बोलत राहिलं की... कोणी इचारीत न्हाई."

सटवाजी पहिल्यांदाच तिच्या शब्दांमधल्या, श्वासासाठी सुटलेल्या जागा ऐकत होते.

"फुग्याचं भ्याव वाटतं का?"

"तुमालाच वाटतंय. मला एकदा... जवळा गावचा अख्खा बाजार... तोंड मिटून फिरायचाय."

सटवाजींनी कार्ड नरसिंगच्या दारावर टेकवलं, लिहिलेलं खोडलं आणि खाली लिहिलं: तयारी आहे. तारीख द्यावी.

"झालं का लिवून?"

"न्हाई अजून. तू बोल."

लिहून झालं होतं. तिचा श्वास खाली बसेपर्यंत ते पेन धरून उभे राहिले. मग पेटीपाशी जाऊन त्यांनी कार्ड आत सोडलं.