वाळीत टाकलेली होडी

मित्रांनो, बंदराकडे जाताना सुरूच्या झाडांखाली एक होडी कलती होऊन पडलेली दिसते. सुट्टीत तुम्ही तिच्यात चढून लपाछपी खेळता. तीच मी. आता माझ्या फळ्यांमधून खेकडे ये-जा करतात. पण एके काळी या खाडीत माझ्याइतकी हलकी होडी दुसरी नव्हती.

देश स्वतंत्र झाला त्या वर्षी थळच्या सुताराने मला घडवले. सांध्यांत कापूस आणि राळ ठासली आणि अंगाला मुशी माशाचे तेल चोपडले. माझा धनी हिरामण हा तरुण, अबोल कोळी. तो खाडीत मासे धरी आणि भरतीच्या वेळी माणसांना पलीकडे सोडी. पहिल्या नारळी पौर्णिमेला त्याच्या बायकोने, ठमाबाईने, माझ्या नाळीला, म्हणजे पुढच्या टोकाला, हळदकुंकू लावले. त्यांना मूल नव्हते. "ही आमची थोरली लेक," असे ती शेजारणींना सांगे.

पलीकडच्या काठावर मिशनचा छोटा दवाखाना होता. तिथली नीराबाई औषधे घेऊन आमच्या गावात येई. नऊवारी लुगडे, तोंडभर देवीचे व्रण. गुडघ्यावर औषधांची पेटी धरून ती बसे आणि वल्ह्याच्या ठेक्यावर येशूची भजने म्हणे. कुणी ऐकत, कुणी तोंड फिरवत. "गाते बरी," एवढेच हिरामण म्हणे.

मग एका उन्हाळ्यात देवीची साथ आली आणि ठमाबाई अंथरुणाला खिळली. शेजारपाजारच्यांनी दाराला कडुनिंबाचे डहाळे लावले आणि भीतीने मागे सरकले. नीराबाई मात्र त्या झोपडीत राहिली. तिने ठमाबाईचे अंग पुसले, चमच्याने पेज भरवली. हिरामण दिवस दिवस माझ्यात येऊन बसे आणि रडे. मी लाकडाची. लाटेबरोबर डुलण्यापलीकडे मला काय करता येणार?

ठमाबाई वाचली. अंगात बळ आल्यावर ती नीराबाईला सोडायला माझ्यातून पलीकडे आली.

"बाय, तू आमची कोण लागतेस?" तिने विचारले. "का बसलीस माझ्यापाशी?"

नीराबाईने आपल्या व्रणांवरून हात फिरवला. "मी अशीच पडले होते तेव्हा एकीने मला उचललं. ती म्हणाली, येशूने कुष्ठरोग्याला हात लावला, मग मी तुला लावायला का भ्यावं? तेच मी तुला सांगते गो. माझ्याकडे दुसरं काही नाही."

ठमाबाईने ती गोष्ट घरी नेली. बोंबील वाळत घालताना तिने ती नणंदेला, कमळला, सांगितली. कमळने आपल्या नवऱ्याला सांगितली, त्याने जाळे विणताना सोबत्याला. बाजारात उभे राहून कुणी प्रवचन केले नाही. तरी काही वर्षांत रविवारी हिरामणच्या अंगणात चार घरची माणसे प्रार्थनेला बसू लागली.

हिरामण आणि ठमाबाईचा बाप्तिस्मा याच खाडीत झाला. पाण्यातून वर येताना हिरामणने माझा काठ धरला होता. त्याची म्हातारी आई काठावर उभी राहून डोळे पुसत होती. तिचेही दुःख मला दिसत होते.

त्या वर्षी नारळी पौर्णिमेला हिरामणने नारळ सोडला नाही. पुढे मासेमारी सुरू झाली आणि गावाची एक होडी बुडाली. गाव हादरले. गावकीचा मुख्य येसाजी हा हिरामणचा चुलतभाऊ. त्यानेच हिरामणला वल्हे धरायला शिकवले होते. तो वाईट माणूस नव्हता, पण घाबरला होता.

"दर्या सगल्यांचा हाय," तो बैठकीत म्हणाला. "एकानं पाठ फिरवली तं बुडणार सगलेच."

हिरामणचे घर वाळीत पडले. माझ्यात कुणी बसेना, आमची मासळी कुणी घेईना. अंगणातली प्रार्थनेची माणसे पांगली. कमळसुद्धा येईनाशी झाली. रस्त्यात वहिनी दिसली की ती मान खाली घालून जाई.

पुढच्या पावसाळ्यात सगळ्या होड्या वर ओढून नारळाच्या झापांखाली झाकल्या गेल्या. होडी ओढायला खूप हात लागतात. आम्हाला एकही मिळाला नाही. म्हणून मी एकटी पाण्यातच राहिले.

श्रावणात एके दिवशी येसाजीच्या सुनेला, केसरला, कळा लागल्या आणि मूल अडले. सुईणीने हात टेकले. "दवाखान्यात न्या," ती म्हणाली. तेव्हा खाडी भरतीने तुडुंब होती.

हिरामण धावत येसाजीच्या दारात गेला. "दादा, होडी पाण्यात हाय. भरती हाय. चला."

"तुझ्या होडीत माझी सून बसणार न्हाय."

"दादा, मी काय मागत न्हाय. फकस्त वल्हं मारतो."

"न्हाय म्हटलं ना!"

येसाजीचा मुलगा सदा बापाकडे बघत राहिला. माणसांनी दुसऱ्या होडीवरचे झाप काढले, ती ढकलत पाण्यात आणली. पण तिच्या सांध्यांतला कापूस काढलेला होता. पाणी भळाभळा आत आले. ती पुन्हा वर ओढेपर्यंत भरती सरली. दोराला बांधलेली मी हे सगळे पाहत होते. पाणी माझ्या पोटाखालून निघून चालले होते आणि मला ओरडता येत नव्हते.

शेवटी सदाने बापाला न विचारता केसरला उचलले आणि माझ्यात आणून निजवले. ठमाबाईने तिचे डोके मांडीवर घेतले. येसाजी काठावर उभा राहिला.

पलीकडचा काठ दिसू लागला आणि माझा तळ चिखलात रुतला. हिरामण आणि सदा खाली उतरले, छातीने मला ढकलू लागले. मी हलले नाही. मुलांनो, त्या दिवशी मला माझ्याच वजनाचा राग आला. दवाखान्यातून नीराबाईने आम्हाला पाहिले. ती म्हातारी कमरेएवढ्या चिखलातून पेटी डोक्यावर धरून आली.

मूल माझ्यातच जन्मले. मुलगी होती. ती रडली नाही.

केसर वाचली. नीराबाईने मुलीला पदरात गुंडाळले. हिरामण येशूचे नाव घेऊन काही बोलू लागला, तर तिने त्याला थांबवले. "आज सांगू नकोस रे. आज नुसतं धर त्याला." मग हिरामणने सदाला मिठीत घेतले. पोरीला दवाखान्यामागच्या वाडीत पुरले.

वाळीत टाकणे संपले, असे कुणी जाहीर केले नाही. लोक हळूहळू माझ्यात बसू लागले, एवढेच. बरी झाल्यावर केसर ठमाबाईच्या अंगणात जाऊन बसू लागली. नंतर सदा गेला, मग कमळ परत आली. येसाजीने कुणाला अडवले नाही. तो स्वतः मात्र त्या अंगणात गेला नाही आणि माझ्यातही कधी बसला नाही.

पुढे खाडीत लाँच आली आणि माझे काम संपले. नीराबाई वारली. हिरामण आणि ठमाबाई पोटासाठी मुंबईला गोदीकडे गेली. जाताना सदाच्या मदतीने हिरामणने मला इथे आणून ठेवले.

मागच्या वर्षीची गोष्ट. येसाजी काठी टेकत माझ्यापाशी आला. त्याला आता नीट दिसत नाही आणि कुठले कधी घडले तेही आठवत नाही. चाचपडत तो माझ्यात चढला आणि फळीवर बसला.

"हिरामण," तो म्हणाला, "मना पलीकडं सोड रे. पोरीला बघायचा हाय."

वल्हे मारणारे कुणी नव्हते. खाली वाळू होती. तो वाट बघत राहिला. बऱ्याच वेळाने केसर त्याला शोधत आली.

"मामंजी, उद्या लाँचनं जाऊ. चला घरी."

"लाँच नको गो. हिच्यातनं." त्याने माझा काठ घट्ट धरला. "ही हलत का न्हाय?"

केसर आत चढली आणि त्याच्याशेजारी बसली.

मित्रांनो, मला दुरुस्त करा असे मी म्हणत नाही. माझे दिवस सरले. पण कधी कुणी काठावरून "चला, भरती आहे" म्हणून हाक मारली, तर त्याचा देव कोणता हे विचारत बसू नका. आणि वल्हे तुमच्या हाती असेल, तर बसणाऱ्यालाही ते विचारू नका. पाणी ओसरले की होडीच्या हातात काही उरत नाही.