उमादेवीची बाटली

वालूरच्या पेठेत मन्मथअप्पांचं किराणा दुकान होतं, पण त्या दुकानातला डिंक निवडायची ती त्यांची थोरली सून सिद्धम्मा. धावड्याच्या डिंकाचा खडा उजेडाकडे धरायचा, आत कचरा दिसला की बाजूला टाकायचा, उरलेल्यातला एखादा तुपात सोडून नीट फुलतो का बघायचा. बाळंतिणीसाठी डिंक न्यायला आलेली माणसं 'थोरलीनं निवडलेलाच द्या' म्हणून अडून बसायची.

एवढी पारख असून सिद्धम्माची स्वतःची पोर, गिरिजा, दोन वर्षांची झाली तरी पायावर उभी राहीना. डिंकाचे लाडू झाले, खारकेची पूड झाली, अळिवाची खीर झाली. पाय आपले काटकुळे आणि वाकलेले ते वाकलेलेच. उलट धाकट्या जावेचा, उमादेवीचा मल्लिकार्जुन दहाव्या महिन्यातच भिंत धरून चालायला लागला. त्याच्या मांड्यांवरच्या वळ्या बघितल्या की सिद्धम्मा गिरिजाचे पाय पदराखाली झाकायची.

उमादेवीचा भाऊ हैदराबादेला निजामाच्या रेल्वेत कारकून होता. तो भाच्यासाठी शक्तीच्या तेलाची बाटली पाठवायचा, वरचा कागद खरवडून काढलेली. "विलायती औषध हाय. धाकटीच्या माहेरचं," असं सासूबाई चन्नबसम्मा शेजारणींना सांगत. थोरलीच्या डिंकाचं त्या नावसुद्धा काढत नसत. सिद्धम्मा चुलीशी बसून ऐकायची आणि भाकरी जरा जास्तच जोरात थापायची.

एके दिवशी उमादेवी न्हाणीत असताना सिद्धम्मानं बाटलीचं बूच काढून वास घेतला आणि बाटली झटकन नाकापासून लांब धरली. तिचं माहेर चुडाव्याचं. तिथं स्टेशनाबाहेर मासळी विकणाऱ्या भोयांच्या पाट्या यायच्या, त्यांचा वास ती विसरणं शक्य नव्हतं. तेल माशाचं होतं. गळ्यात लिंग बांधणाऱ्या घरात, जिथं अंड्याचं नाव काढलं तरी चूळ भरायला लावत, तिथं रोज मासा चालला होता.

बरं झालं, असंच तिला आधी वाटलं. सासूबाईंना एक शब्द सांगितला की धाकटीचं कौतुक संपलं. ती देवघराकडे निघालीसुद्धा. ओसरीत मल्लिकार्जुनानं गिरिजाच्या हातातला गूळ हिसकावला आणि तो दुडूदुडू पळाला. पोरीला मागं जाता येईना. ती रडलीही नाही, नुसता हात पुढं करून बसली.

सिद्धम्मा मागं फिरली. तिनं चमचाभर तेल गिरिजाच्या तोंडात ओतलं, वर गुळाचा खडा दिला. मग ते रोजचंच झालं. लिंगपूजेला बसण्याआधी ती हात दोनदा धुवायची, पण चमचा चुकला नाही. जावेच्या जिवावर आपली पोर सुधारतेय, याबद्दल तिला राग जावेचाच यायचा.

चौथ्या महिन्यात गिरिजा उंबरा धरून उभी राहिली आणि उन्हाळ्यात ओसरीभर चालली. "थोरलीच्या डिंकाला तोड न्हाई," चन्नबसम्मा शेजारणींना म्हणाल्या. हे ऐकायला सिद्धम्मा इतके दिवस आसुसली होती. आता तिला ते ऐकवेना.

त्या दुपारी उमादेवी तिच्यासमोर डिंक निवडायला बसली.

"अक्का, दादाला सांगावा धाडलाय. आता दोन बाटल्या पाठव म्हणून."

"दोन कशाला?"

"एकीत दोघांचं भागंना झालंय." उमादेवीनं मान वर केली नाही. "अन् तेलावर गिरिजाला येलदोडा देत जा. गुळानं वास मरत न्हाई. सासूबाई तिला जवळ घ्यायलेत आता."

सिद्धम्माचा निवडता हात थांबला. "तुला कवापासनं ठाव हाय?"

"पहिल्याच आठवड्यात कळलं."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलले असते तर तुमी पोरीचं तेल बंद केलं असतं."

सिद्धम्मानं हातातला खडा उजेडाकडे धरला, पण तिला त्यातलं काहीच दिसेना. उमादेवीच्या जागी आपण असतो तर सासूबाईंना सांगून मोकळे झालो असतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. जावेच्या पोराचा तिनं हेवा केला होता, माहेराचा केला होता, बाटलीचा केला होता. पण आज वाटला एवढा हेवा तिला उमादेवीचा कधीच वाटला नव्हता.