शर्टाचा खांदा

रंगाच्या कारखान्यात जागा एकच होती आणि उमेदवार दोघं, तेही नवरा-बायको. आधीचा कारखाना बंद पडल्यापासून दोघंही घरीच होते. नमुन्याबरहुकूम रंग मिसळायचं काम नवऱ्याला शिकवलं होतं बायकोनंच. तिची नजर अशी, की पांढऱ्यातले चार पांढरे ती वेगळे काढी. नोकरी तिलाच मिळणार, हे ठरल्यात जमा होतं. त्यानं अर्ज केला तो आपला, असावा म्हणून.

मुलाखतीच्या दिवशी फाटकाबाहेर त्यांचं तान्हं बाळ या हातातून त्या हातात गेलं. ती आत जाऊन आली, तिनं बाळ घेतलं आणि तो आत शिरला. तोवर बाळानं त्याच्या खांद्यावर दूध ओकून ठेवलं होतं.

"हे काय हो?" साहेबांनी विचारलं.

"चिरंजीवांची कृपा, साहेब."

साहेब खो खो हसले. "मग तुम्ही टिकणार! पोराबाळांचा बाप नोकरी सोडून पळत नाही. आत्ताच एक बाई येऊन गेल्या. हात काय सफाईदार! पण घरात तान्हं बाळ. कशाला उगाच डोक्याला ताप?"

बाळ तेच होतं. एवढं एक वाक्य त्याच्या जिभेवर आलं होतं. पण समोर नोकरी दिसत होती, आणि पठ्ठ्या साहेबांबरोबर हसला.

नोकरी लागली. पहिल्याच दिवसापासून खांद्याला आंबट वास येऊ लागला. शर्ट धुतला, उन्हात वाळवला, शेवटी नवा घेतला, तरी वास हटेना. पांढरा रंग ढवळताना तर तो असा अंगावर येई, की भर दुपारी हा दचकून मागे बघे. मागे कोणी नसे. त्याला खरंच भीती वाटू लागली.

एका संध्याकाळी बाळ मांडीवर घेऊन बसला असताना त्यानं बायकोपुढे खांदा केला. "बघ गं, वास येतोय?"

तिनं वाकून हुंगलं. "साबणाचा." मग तिथेच बसत म्हणाली, "मला त्यांनी विचारलं होतं, बाळाला कोण सांभाळणार? मी छातीठोकपणे सांगितलं, त्याचा बाप. माझ्यापेक्षा छान सांभाळतो. तू काय सांगितलंस?"

"मला विचारलंच नाही."

ती त्याच्याकडे बघत राहिली, चार पांढरे वेगळे काढणाऱ्या त्या नजरेनं.

"आणि माझ्याबद्दल काही बोलले?"

सांगून टाकावं म्हणून त्यानं तोंड उघडलं, आणि बाहेर आलं ते त्या दिवशीचं हसू, जसंच्या तसं.

तिनं त्याच्या मांडीवरून बाळ उचलून घेतलं.